आजीबाईंचं पदार्थविज्ञान

मागच्या वर्षी मे महिन्यात मी पडलो. तसा मी आधीही पडलेलो आहे. सायकलवरून पडलो, लुनावरून पडलो, एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानता मानता स्टेजवरून खाली गेलो आणि मुलांनी त्याला वन्समोअर दिला. पण ते पडणं खासगी होतं. उठायचं, पँट झटकायची, कोणी पाहिलं नाही ना हे बघायचं आणि चालू लागायचं. सत्तरी उलटल्यावर माणूस पडला की त्याचा समारंभ होतो. पुण्याहून मुलगा निघतो, न्यू जर्सीहून मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, गल्लीतली माणसं आळीपाळीने येऊन 'कसे काय पडलात हो?' म्हणून विचारतात, आणि आपण पंचवीस वेळा तेच उत्तर द्यायचं, की पाण्याचा दिवस होता. गारखेड्यातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे इथे सणासारखा. फक्त तो रात्री अडीच वाजता सुरू होतो. उठून गच्चीवर जायचं आणि टाकी भरली का ते बघायचं, हे आमच्याकडच्या गृहस्थाश्रमाचं मुख्य कर्म. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

यातली लाजेची गोष्ट अशी, की मी भौतिकशास्त्राचा मास्तर. आमच्या लहानपणी या विषयाला पदार्थविज्ञान म्हणत, आणि ते स्वयंपाकाचं पुस्तक आहे अशा समजुतीने आमची आई बरेच दिवस माझ्या अभ्यासावर खूष होती. तेहतीस वर्षं मी मुलांना घर्षण शिकवलं. आता त्यातलाच एक विद्यार्थी हाडांचा डॉक्टर झालेला. प्लास्टर घालताना म्हणाला, "सर, हा न्यूटनचा कितवा नियम?" मी म्हटलं, "तिसरा. मी जमिनीला मारलं, जमिनीने मला." तो हसला आणि मग एक वाक्य बोलला, ते तेव्हा मी नुसतं ऐकलं. "पडताना हात पुढे केलात म्हणून मनगटावर निभावलं सर. नाहीतर खुबा गेला असता."

प्लास्टर निघालं, पण बंदोबस्त उठला नाही. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली हिच्या कमरेला गेली. स्कूटर विकली. स्टुलावर चढायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, सूतगिरणी चौक एकट्याने ओलांडायचा नाही. सकाळी क्रीडा संकुलात फिरायला जायचं ते कोणातरी बरोबर, म्हणजे बरोबरचा पडला तर त्याला बघायला मी आणि मी पडलो तर मला बघायला तो. आणि मुलाने परत जाताना टिपॉयवर एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली. पुण्याजवळची, ज्येष्ठांसाठीच बांधलेली वसाहत. तिच्यातली म्हातारी जोडपी सारखी हसत होती. बागेत हसत होती, जेवताना हसत होती, रक्तदाब मोजून घेतानासुद्धा हसत होती आणि एकाचाही दात पडलेला नव्हता. "घाई नाही बाबा, नुसती वाचून ठेवा," मुलगा म्हणाला. घाई नाही म्हणणारा हा माणूस त्यानंतर दर रविवारी फोनवर 'वाचली का?' विचारतो.

अशा अवस्थेत यंदाच्या उन्हाळ्यात नातू आला. बारावी झालेली, सीईटी झालेली, निकाल लागायचा होता, त्यामुळे डोक्याला कसलंही काम नाही. आल्या आल्या लॅपटॉप उघडून म्हणाला, "आजोबा, तुमच्यावर एक गेम निघालाय."

खेळाचं नाव 'जस्ट डाय ऑलरेडी'. मराठीत सांगायचं तर 'मर की आता एकदाचा!' मी हे भाषांतर जरा मोठ्याने केलं, आणि नेमकी ही देवापाशी दिवा लावत होती.

"अहो, तिन्हीसांजेला कसलं अभद्र बोलताय! वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो."

"आजी, गेमचं नाव आहे ते."

"मग नाव बदला म्हणावं त्यांना."

त्यांना म्हणजे स्वीडनमधल्या डबलमूस गेम्स नावाच्या मंडळींना. त्यांचा हा खेळ २०२१ च्या मे महिन्यात आला. त्याआधी यातल्याच काही जणांनी एक बकरीचा खेळ रचला होता, 'गोट सिम्युलेटर'. तो २०१४ साली आला आणि तारीख होती १ एप्रिल. त्यात आपण बकरी व्हायचं आणि शिंगाने, जिभेने, लाथेने गावाची नासधूस करायची. खेळात चुका पुष्कळ होत्या. बकरी मधेच भिंतीत शिरे, तिची मान रबरासारखी ताणली जाई. करणाऱ्यांनी खेळ बंदच पडेल अशा तेवढ्या चुका दुरुस्त केल्या आणि बाकीच्या, लोक हसतात म्हणून, राहू दिल्या. हे धोरण मला पेपर तपासताना सुचायला हवं होतं. तर त्या बकरीनंतर त्यांनी म्हातारी माणसं घेतली. ही आम्हाला मिळालेली बढती की कसं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

असल्या खेळांना सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे वाळूचा हौद. आमच्या गल्लीत कोणाचं ना कोणाचं बांधकाम सदैव चालू असतं आणि वाळूचा ढीग रस्त्यावर पडलेला असतो. त्यावर पोरं खेळतात तेव्हा कोण जिंकलं हा प्रश्नच नसतो. खोपा करायचा, मोडायचा, एकमेकांच्या डोक्यात वाळू घालायची आणि घरी जाऊन मार खायचा. तसंच हे. एक अख्खं शहर दिलेलं आहे, त्यात गाड्या आहेत, उंच इमारती आहेत, विजेच्या तारा आहेत. त्यात आपण एक म्हातारा किंवा म्हातारी व्हायचं आणि दिसेल त्याला हात घालायचा. चौघांनी मिळून खेळण्याचीही सोय आहे.

मागे कथानक आहे, आणि ते मला पुस्तिकेपेक्षा प्रामाणिक वाटलं. काळ नजीकच्या भविष्यातला. तरुणांनी मुलं होऊ देणं थांबवलेलं आहे. मग म्हाताऱ्यांचा खर्च उचलायला कोणी उरलेलं नाही. आपल्याला वृद्धाश्रमातून हाकलून दिलेलं आहे आणि पुन्हा फुकट देखभाल हवी असेल तर जिवावरचे उद्योग करून दाखवायचे आहेत. मरणापूर्वीच्या इच्छांची एक यादी असते आणि तिच्यातली एकेक कामगिरी पार पाडत जायची. ही भीती खास स्वीडनची आहे, हे लक्षात घेतलं पाहिजे. तिकडे म्हातारपण सरकार सांभाळतं, करांतून. म्हणून तिथल्या दुःस्वप्नात कर भरणारे संपतात. आपल्याकडे मुलं सांभाळतात असं आपण धरून चालतो, आणि त्यात शंका आली म्हणून २००७ साली आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा करावा लागला. त्यात निर्वाहखर्चाला महिना १०,००० रुपयांची वरची मर्यादा घालून दिली होती. मायेला कमाल मर्यादा लावणारा कायदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. माझा मुलगा यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करायला तयार आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पुस्तिकेतले आकडे मी पाहिले आहेत.

मी म्हातारी घेतली. म्हाताऱ्याचा मला पुरेसा अनुभव आहे.

खेळायला एक खेकड्यासारखी वस्तू दोन्ही हातांत धरावी लागते. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने इकडेतिकडे बघायचं. आता माझं डावं मनगट अजून आखडलेलं. अंगठा एका बाजूला वळतो, दुसऱ्या बाजूला कुरकुरतो. त्यामुळे माझी आजीबाई सरळ चालेचना. ती डावीकडे वळत वळत गोल फिरायला लागली, फुटपाथ सोडून रस्त्यात गेली, आणि पहिल्याच मोटारीने तिला उडवलं. ती इतकी उंच गेली की मी खुर्चीतून उठलो. खाली आली तेव्हा एक हात बाजूला पडला होता. ती उठली आणि राहिलेल्या हातानिशी पुन्हा डावीकडे चालायला लागली.

"आजोबा, भारी खेळता तुम्ही!" नातू म्हणाला. माझ्या मनगटाच्या व्यंगाचं एवढं कौतुक अजून कोणी केलं नव्हतं.

मी हसलो का? हसलो. खोटं कशाला बोला? पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा ती उंचावरून पडली, तिसऱ्यांदा विजेने फेकली गेली, चौथ्यांदा तर कशाने गेली ते कळलंच नाही. दर वेळी नव्याने जिवंत. पण मास्तरकी अंगात मुरलेली असते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण नेमकं कशाला हसलो हे बघायला लागलो, आणि तिथे माझं त्या स्वीडिश मंडळींशी भांडण सुरू झालं.

मुळात पडण्याचं तंत्र काय आहे ते सांगतो. पूर्वी संगणकाच्या खेळात माणूस पडायचा तो आधी चितारून ठेवल्याप्रमाणे. शंभर वेळा मारा, शंभर वेळा तो त्याच ऐटीत पडणार, नाटकातल्या जुन्या खलनायकासारखा. मग १९९८ सालच्या 'ट्रेसपासर' नावाच्या डायनासोरांच्या खेळात आणि २००० सालच्या 'हिटमॅन'मध्ये नवी युक्ती आली. शरीराचे डोकं, धड, दंड, मांड्या असे तुकडे करायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, सांध्यांच्या जागी बिजागऱ्या घालायच्या, आणि पडायची वेळ आली की शरीर न्यूटनच्या स्वाधीन करून आपण मोकळं व्हायचं. याला म्हणतात रॅगडॉल, म्हणजे चिंध्यांची बाहुली. कुडाळजवळच्या पिंगुळीची कळसूत्री बाहुली डोळ्यांसमोर आणा. तिच्या सगळ्या दोऱ्या एकदम कापल्या तर ती जशी कोसळेल, तशी ही पडते. दर वेळी निराळी.

आणि यातच मेख आहे. ती बाहुली पडताना हात पुढे करत नाही.

खरा माणूस पडताना स्वतःला वाचवायला बघतो. नको नको म्हणतो, जवळचा कठडा धरतो, नाही मिळाला तर पडद्याला लोंबकळतो, शेजाऱ्याचं धोतर धरतो. सिनेमात केळ्याच्या सालीवर पडणाऱ्याला आपण हसतो ते पडण्याला हसत नाही, वाचण्यासाठी तो हवेत जे हातवारे करतो त्याला हसतो. चार्ली चॅप्लिनची सगळी विद्या पडण्याआधीच्या त्या क्षणात आहे. साखरेचं पोतं गाडीवरून पडलं तर कोणाला हसू येत नाही, येतो राग. साधं गणित करून बघा. माझं वजन ६२ किलो. उभा माणूस कोसळला की त्याचा गुरुत्वमध्य साधारण ९० सेंटीमीटर खाली येतो. ऊर्जा निघाली सुमारे ५४७ ज्यूल. तेवढ्यात एक किलो साखरेची पुडी ५५ मीटर उंच नेता येईल. एवढी सगळी ऊर्जा माझ्या डाव्या हाताने माझी परवानगी न घेता, रात्रीच्या अंधारात, खुब्याच्या आधी जाऊन अंगावर घेतली. त्या खेळातल्या आजीबाईला हा हात नाही. म्हणजे हात आहे, तो निखळून फुटपाथवर पडतोसुद्धा. पण जी गोष्ट हाताला पुढे नेते ती तिच्यात घातलेली नाही. बकरीच्या बाबतीत हे खपून गेलं. बकरीला अब्रू नसते. म्हातारीला असते, आणि ती सांभाळण्याची तिची धडपड काढून टाकली की उरतं ते सुती पातळ नेसलेलं पोतं. (तिथे फ्रॉक आहे, पण मला ते पातळच दिसत होतं.)

मास्तर म्हणून मार्क द्यायचे तर गुरुत्वाकर्षणाला दहापैकी नऊ. घर्षणाला तीन, बाया-माणसं रस्त्यावरून अशी घसरत जातात की सगळ्या शहराला शेवाळ आलंय. आणि काळाला शून्य. मोडलं की सहा आठवडे जातात, हे त्या खेळाला ठाऊकच नाही. मोडलेला हात आणि पुन्हा उभं राहणं यांच्यामध्ये जे सगळं येतं, म्हणजे बायकोने बुशशर्टाची बटणं लावून देणं, डाव्या बाजूला झोपता न येणं, दुपारच्या चार वाजता खिडकीशी बसून रस्त्यावरची पोरं बघणं, ते सगळं एका बटणात उडवून दिलं आहे. म्हातारपण तर तेवढंच असतं.

हे मी सकाळी चहाच्या वेळी नातवाला सुनावलं. वाटलं, तो म्हणेल आजोबा, गेमच आहे तो. तर हा म्हणाला, "मग तुम्हाला दुसरा दाखवतो," आणि त्याने बेल्जियममधल्या टेल ऑफ टेल्स या मंडळींचा २००८ सालचा 'द ग्रेव्हयार्ड' लावला. काळ्या-पांढऱ्या रंगात एक दफनभूमी. एक म्हातारी काठी टेकत चालते. आपण तिला नेऊन बाकावर बसवायचं. ती बसते, एक गाणं लागतं, गाणं संपलं की उठवायचं आणि परत न्यायचं. संपलं. बटण कितीही दाबा, बाई घाई करत नाही. आमच्या इथली सकाळची अर्धी मंडळी क्रीडा संकुलात नेमकं हेच करतात, फक्त गाणं मोबाईलवर असतं आणि ते दुसऱ्यांनाही ऐकावं लागतं.

या खेळाचं एक फुकट रूप होतं आणि एक पैसे देऊन घ्यायचं. दोन्ही एकसारखे, फरक एवढाच की पैसे दिले तर बाकावर बसल्या बसल्या म्हातारी मरू शकते. हे वाचून मी चष्मा पुसला. एकाने म्हातारीला हजार वेळा मारलं आणि मरणाची किंमत शून्य केली. दुसऱ्याने एकच मरण दिलं आणि त्याचे पैसे घेतले. दुसरा खेळ पहिल्यापेक्षा फार वरचा आहे असं माझं मत, पण खरं सांगायचं तर तो पुन्हा लावावा असं मला वाटलं नाही. तसं बसायला मला घरची खिडकी आहे. (नातवाच्या फोनमध्ये 'ग्रॅनी' नावाचा २०१७ सालचा तिसराही एक प्रकार निघाला. त्यात एक भेसूर आजी बॅट घेऊन मागे लागते, घरात कुठे वस्तू पडली की तिला लांबून ऐकू येतं, आणि सुटायला पाच दिवस मिळतात. ऐकू येण्याचा भाग वाचून आमच्या हिच्याविषयी मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

आपल्या रंगभूमीनेही म्हाताऱ्यांचं याहून फार निराळं केलं आहे असं नाही. देवलांच्या 'शारदे'त, १८९९ साली, भुजंगनाथ आला. पंचाहत्तरीचा थेरडा कोवळ्या पोरीशी लग्नाला उभा राहतो आणि प्रेक्षक त्याला हसतात. ते हसू चांगलं होतं, त्याला काम होतं. एका वाईट चालीची हाडं त्या हसण्याने मोडली. मग १९७० साली शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'त अप्पा बेलवलकर आले. त्यांनी होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकलं आणि बायकोला घेऊन आधी मुलाच्या, मग मुलीच्या दारी गेले. ते नाटक मी संत एकनाथ रंगमंदिरात पाहिलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मध्यंतरात डोळे पुसत कोणाला तरी सांगत होते, "घर नावावरच ठेवायचं, काय?" म्हणजे म्हातारा एकतर हसण्याजोगा, नाहीतर रडण्याजोगा. त्याने नुसतंच चिडावं, कोणाची तरी काच फोडावी, नियम मोडावा आणि त्याबद्दल त्याला ना शिक्षा व्हावी ना त्याची कीव यावी, अशी सोय आपण ठेवलेली नाही. ती या आचरट खेळाने ठेवली आहे. दिवसभर 'हळू', 'सांभाळून', 'तुम्ही राहू द्या' हे तीन मंत्र ऐकणाऱ्या माणसाने संध्याकाळी एका भर चौकात बेधडक चालत सुटायचं आणि कोणी हात धरायचा नाही, याची चव मी घेतलेली आहे. तिसऱ्या दिवशी मी माझ्या आजीबाईला मुद्दाम उजवीकडे वळवायला शिकलो. फिजिओथेरपीवाल्याला सहा महिन्यांत जे जमलं नव्हतं ते असं जमलं.

आणि ती यादी. तो भाग मला फार आवडला. त्या यादीतल्या कामगिऱ्या भयंकर आहेत, पण निदान कोणीतरी म्हातारीच्या इच्छा विचारात घेतल्या. नातू एकदा सहज म्हणाला, "आजोबा, तुमची लिस्ट काय?" मी तयारच होतो. म्हटलं, गच्चीवर जायचं. तो म्हणाला, "बस?" मी म्हटलं, "एकट्याने." त्याने ते कागदावर लिहून घेतलं, आणि कागद दुसरा नव्हता म्हणून पुस्तिकेच्या पाठीवर लिहिलं.

ही सगळे दिवस पाठमोरी होती. स्वयंपाकघरातून मधेमधे "बंद करा ती मरतुकडी" एवढाच अभिप्राय. शनिवारी रात्री मात्र मी पाणी प्यायला उठलो तर बाहेरच्या खोलीत उजेड. नातू सतरंजीवर झोपलेला, आणि ही खुर्चीत, खेकडा हातात. मी दारातच थांबलो.

तिची आजीबाई फुटपाथवरून चालली होती. अगदी कडेने. रस्ता आला की थांबायची, गाडी जाऊ द्यायची, मग ओलांडायची. एवढ्या नासधुशीसाठी बांधलेल्या त्या शहरात बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी बाजाराला निघाल्यासारखं चाललं होतं. एका ठिकाणी काय झालं कोण जाणे, अंगठा सरकला असेल, आजीबाई कठड्यावरून खाली गेली.

"अगं हात, हात पुढे कर," ही पुटपुटली.

मग मला बघितलं आणि जराही न शरमता म्हणाली, "अहो, हिचं घर कुठाय? अर्धा तास शोधतेय."

"हिला काढलंय घरातून," मी म्हटलं. "गोष्टच तशी आहे."

"मुलं?"

"मुलंच नाहीत कोणाला."

तिने थोडा वेळ विचार केला. पडद्यावर आजीबाई पुन्हा उभी राहिली होती आणि हुकमाची वाट बघत होती. "नसेनात का," ही म्हणाली, "एक खोली तरी दाखवायची. एवढ्या इमारती बांधल्यात मेल्यांनी." आणि तिला घेऊन पुढच्या गल्लीत वळली. सबंध आठवडाभरात मी या खेळावर जी काही टीका केली होती तिच्यात हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता.

रविवारी मुलाचा फोन आला. फोन हिने घेतला. "वाचली का बाबांनी?" असं त्याने विचारलं असणार, कारण ही म्हणाली, "ते खेळतायत. आणि त्या पुस्तकावर त्यांनी काहीतरी लिहून ठेवलंय. तू आलास की बघ." पुढे बराच वेळ ती नुसतं 'हं, हं' करत होती. फोन ठेवल्यावर मी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

परवा पाण्याचा दिवस होता. अडीच वाजता नळाने घशात आवाज काढला. मी सवयीने उठून बसलो, मग आठवलं आणि पुन्हा पडलो. थोड्या वेळाने किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"चला," ही म्हणाली. "पण पुढे मी. आणि कठडा सोडायचा नाही."

यादीत 'एकट्याने' असं लिहिलेलं आहे याची मी तिला आठवण करून दिली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. सतरा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवरचं शेवाळ कोणीतरी केव्हाच खरवडून काढलं होतं, मला पत्ताही नव्हता. टाकीत हात घालून बघितलं तर अजून अर्धीच भरली होती, म्हणून मग टाकीला टेकून बसलो.